प्रभाग लहान, खर्च मोठा

लोकसभेच्या उमेदवाराला निवडणुकीत ९५ लाख रुपये खर्च करता येतात, विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख. २०२२ पासून लागू असलेल्या या मर्यादा ऐकल्या की सामान्य माणसाचे डोळे विस्फारतात. पण महाराष्ट्रातल्या मतदारसंघांच्या सरासरी मतदारसंख्येने भागून पाहिले, तर लोकसभेला दर मतदारामागे पाच रुपयांच्या आसपास आणि विधानसभेला बारा रुपयांच्या आसपास रक्कम निघते. हाच भागाकार आता नगरपंचायतीला लावू. वीस हजार वस्तीच्या गावात सतरा प्रभाग, म्हणजे एका प्रभागात बाराशेच्या आत माणसे आणि साधारण आठशे मतदार. २०२५ च्या निवडणुकीत तिथल्या सदस्यपदाच्या उमेदवाराला सव्वादोन लाखांची मुभा होती. दर मतदारामागे हे २८० रुपये झाले. ज्या निवडणुकीत उमेदवार अर्ध्याअधिक मतदारांना नावानिशी ओळखतो, तिथे कायद्याने मान्य केलेला खर्च लोकसभेच्या पन्नासपटीहून अधिक आहे. एवढे करूनही गावोगावी ऐकू येते ते हेच, की या मर्यादेत निवडणूक होतच नाही.

छोट्या गावातली निवडणूक काटकसरीने आणि सचोटीने लढवता येईल का, हा प्रश्न बहुधा नीतिमत्तेचा म्हणून मांडला जातो. चांगल्या माणसांनी राजकारणात यावे, मतदारांनी विकले जाऊ नये, असे उपदेश त्यातून निघतात आणि मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत हवेत विरतात. माझ्या मते हा प्रश्न आधी हिशेबाचा आहे. प्रचाराच्या खर्चात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे मतदारापर्यंत आपले नाव, चिन्ह आणि म्हणणे पोहोचवण्याचा खर्च. दुसरी म्हणजे मत आपल्यालाच पडेल याची खात्री विकत घेण्याचा खर्च. मोठ्या मतदारसंघात या दोन्ही वेगळ्या काढणे अवघड असते. लहान प्रभागात ते सोपे आहे, कारण पहिला खर्च तिथे फारच थोडा असतो. या खर्चाची जागा उमेदवाराचा वेळ आणि त्याचे पाय घेऊ शकतात. म्हणून लहान गावात काटकसर आणि सचोटी या दोन अटी उरत नाहीत, एकच होतात. आणि ही अट पाळता येणार की नाही, हे उमेदवाराच्या स्वभावाइतकेच त्याच्या हाती किती वेळ आहे यावर ठरते.

आधी पहिला खर्च पाहू. आठशे मतदारांच्या प्रभागात अडीचशे-पावणेतीनशे घरे असतात. रोज संध्याकाळी वीस घरे धरली, तर दोन आठवड्यांत उमेदवार प्रत्येक उंबऱ्यावर जाऊन येतो. नगरपरिषदेचे गणित थोडे मोठे आहे. तीस हजार वस्तीच्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेत वीस सदस्य आणि दोन-दोन सदस्यांचे दहा प्रभाग धरले, तर प्रभागात तीन हजार माणसे, एकवीसशेच्या आसपास मतदार आणि साडेसहाशे-सातशे घरे येतात. तरीही महिना-सव्वा महिन्याच्या संध्याकाळी पुरतात. याच्या जोडीला घरटी दोन-तीन वेळा द्यायची पत्रके, चौकातले मोजके बॅनर, शेवटच्या दिवसांत फिरणारी भोंग्याची रिक्षा, तीन-चार कोपरा सभांच्या खुर्च्या आणि स्पीकर, मतदार चिठ्ठ्या, मतदानाच्या दिवशी बूथवर बसणाऱ्या कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता आणि जेवण. या यादीतले काहीही महाग नाही. दोन-तीन हजार पत्रकांची छपाई काही हजारांत उरकते आणि कार्यकर्ते आळीतलेच असतात. ‘क’ वर्गाची अडीच लाखांची मर्यादा या यादीला पुरून उरते. एकाच पॅनलमधल्या दोघांनी पत्रके आणि सभा एकत्र केल्या, तर ती निम्म्यानेही गाठली जाणार नाही. मर्यादा अपुरी असल्याची तक्रार लोकसभेच्या उमेदवाराने केली तर तिच्यावर वाद घालता येईल. नगरपंचायतीच्या उमेदवाराने ती केली, तर तो प्रचाराखेरीज दुसऱ्याच कशावर खर्च करतो आहे हे त्यानेच सांगितल्यासारखे आहे.

ते दुसरे काय, हे कोणत्याही तालुक्याच्या गावात विचारावे लागत नाही. वर्षभर आधी सुरू होणाऱ्या देवदर्शनाच्या सहली, मंडळांच्या वर्गण्या, क्रिकेट स्पर्धांचे चषक आणि रोख बक्षिसे, पैठणीचे खेळ, हळदी-कुंकवाच्या वाणात वाढत जाणाऱ्या वस्तू, दिवाळीच्या फराळाचे डबे. अर्ज भरल्यावर ढाब्यांवरची जेवणे, पेट्रोलच्या पावत्या, पोरांच्या रात्रीच्या बैठका. शेवटच्या दोन रात्री पाकिटे. या शेवटच्या टप्प्याला ‘लक्ष्मीदर्शन’ हे नाव इतके रुळले आहे, की डिसेंबर २०१६ मध्ये पैठण नगरपरिषदेच्या प्रचारसभेत भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे यांनी मतदानाच्या आदल्या दिवशीच्या लक्ष्मीबद्दल जाहीर भाषणात बोलून दाखवले आणि त्यावरून वाद पेटला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की या यादीतल्या कशानेही मतदाराला उमेदवाराविषयी काही नवे कळत नाही. पाणी एक दिवसाआड का येते, घरपट्टी कशी आकारली जाते, कचरा डेपो कुठे जाणार, यावर उमेदवाराचे मत काय, हे सहलीला जाऊन आलेल्यालाही ठाऊक नसते. हा खर्च माहितीचा नाही.

मग ही खात्री तरी विकत मिळते का? अभ्यासक सायमन शोशार यांनी मुंबईतल्या निवडणुकांमधल्या वाटपाचा अभ्यास करून २०१८ मध्ये जे मांडले, ते आपल्या तालुक्यांनाही लागू पडते. पैसे घेतलेला मतदार मत कोणाला देतो, हे पाहण्याची सोय उमेदवाराकडे नसते. मधले दलालही पूर्ण रक्कम पोहोचवतातच असे नाही. आणि हे सगळे उमेदवाराला ठाऊक असते. तरी तो वाटतो, कारण समोरचा वाटणार आहे आणि आपण हात आखडला तर आपली दखलच घेतली जाणार नाही, ही भीती असते. प्रत्येकाने खर्च केला की कोणाचाच फायदा होत नाही, पण एकट्याने थांबण्याची हिंमत कोणाला होत नाही. मतदारही हे ओळखतो. सगळ्यांकडून घ्यायचे आणि मनात असेल त्यालाच द्यायचे, हे धोरण घराघरांत उघड बोलले जाते. थोडक्यात, विकत घेतलेली खात्रीही बहुतेकदा खोटी निघते. ती खरी ठरते फक्त मधल्यांसाठी. अमुक आळीची गठ्ठा मते माझ्याकडे आहेत असे सांगणाऱ्याचे पोट या भीतीवर भरते. निवडून आलेल्या नगरसेवकाचे मानधन या खर्चाच्या जवळपासही नसते, म्हणून वसुली कामांच्या टक्केवारीतून, बांधकाम परवानग्यांतून आणि गाळेवाटपातून करावी लागते. निवडणुकीचा खर्च शेवटी रस्त्याच्या डांबरातून वजा होतो.

कायद्याला हे दिसत नाही असे नाही. मतासाठी काही देणे ही लाच आहे आणि ती गुन्हा आहे. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम १७३ ने जुन्या दंड विधानातली एक सवलत तशीच पुढे आणली आहे. लाच खाण्यापिण्याच्या स्वरूपात असेल, तर तिला कैद नाही, फक्त दंड. ज्या गावात निवडणुकीचा निम्मा व्यवहार ढाब्यावर होतो, तिथे ही सवलत काय करते ते वेगळे सांगायला नको. दुसऱ्या बाजूला कलम १७६ आहे. उमेदवाराच्या लेखी परवानगीवाचून त्याच्या प्रचारासाठी खर्च करणाऱ्याला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या कायद्यात तो पाचशे रुपये होता. चौकाचौकांत ‘शुभेच्छुक मित्रमंडळ’ या नावाने लागणारे फलक एक तर उमेदवाराच्या खर्चात धरायला हवेत, नाही तर या कलमाखाली यायला हवेत. तिसरा पर्याय कायद्याने ठेवलेला नाही. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्धचा राज्याचा कायदा तर १९९५ पासून आहे. खर्चाचा तपशील निकालानंतर तीस दिवसांत द्यावा लागतो आणि न देणाऱ्याला अपात्र ठरवता येते. उणीव तरतुदींची नाही. तपशील वेळेत आला की नाही हे पाहिले जाते, तो खरा आहे की नाही हे पाहणारे कोणी नसते.

इथवर पैशाची बाजू झाली. वेळेची बाजू कमी बोलली जाते, आणि माझ्या मते खरी गाठ तिथे आहे. २०१६-१७ मध्ये निवडून आलेल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीपासून संपत गेली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेचे अधिकार यांत निवडणुका अडकल्या आणि गावे प्रशासकांच्या हाती राहिली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. आधी चार महिन्यांची असलेली मुदत पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली. नगराध्यक्षपदांचे आणि प्रभागांचे आरक्षण ऑक्टोबर २०२५ मध्ये सोडतीने निघाले. ४ नोव्हेंबरला २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर झाला. अर्ज भरण्याची अखेरची तारीख १७ नोव्हेंबर, चिन्हवाटप २६ नोव्हेंबर, मतदान २ डिसेंबर. अपक्ष उमेदवाराच्या हातात चिन्ह आले तेव्हा प्रचाराला सहा दिवस उरले होते. रोज वीस घरांच्या हिशेबाने सहा दिवसांत एकशेवीस घरे होतात, म्हणजे नगरपंचायतीचा निम्मा प्रभागही होत नाही. पक्षाचे चिन्ह घराघरात आधीच ठाऊक असते आणि पैसेवाल्याला सहा दिवसांत दोनशे फलक लावता येतात. ज्याच्याकडे फक्त वेळ होता, त्याचा वेळच काढून घेतला गेला.

आरक्षणाच्या सोडतीचा परिणामही असाच होतो. आरक्षण आवश्यक आहे. त्याचे फिरते स्वरूपही आवश्यक आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महिलांना एकतृतीयांश आणि २०११ मध्ये राज्याने निम्म्या जागा दिल्या नसत्या, तर नगरपालिकांची सभागृहे आजही जुन्याच चार घराण्यांची राहिली असती. पण कोणती जागा कोणासाठी, हे मतदानाच्या दोन महिने आधी कळले, तर पाच वर्षे प्रभागात राबलेल्या कार्यकर्त्याची जागा अचानक जाते आणि ज्या प्रवर्गाची जागा निघाली त्या प्रवर्गातल्या नव्या माणसाला उभे राहायला दोनच महिने मिळतात. मग पक्ष काय करतो? मूळ इच्छुकाच्या घरातली व्यक्ती उभी करतो, किंवा खर्च झेपेल असा उमेदवार शोधतो. महिला उमेदवाराच्या फलकावर नवऱ्याचा फोटो मोठा का असतो, याचे एक कारण पुरुषी अहंकार आहे, दुसरे हे घाईचे वेळापत्रक. बचत गटांच्या, भिशीच्या आणि शाळेच्या पालकांच्या जाळ्यातून बाईला तिचा प्रभाग कमी खर्चात गाठता येतो. त्यासाठी तिला सहा महिने लागतात, सहा दिवस पुरत नाहीत. नगराध्यक्षाच्या थेट निवडणुकीनेही हेच झाले. ती २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. आपण प्रभागात काम करायचे की सगळ्या गावात, हेच ज्याला आधी कळत नाही, त्याने तयारी कशाची करायची?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा, की हे सगळे कागदावर ठीक आहे, पैशाशिवाय कोणी निवडून येत नाही. याला सरसकट उत्तर देता येत नाही, कारण खर्च न करणारे हरतात तसे खर्च करणारेही हरतात. प्रत्येक जागेवर एकच जिंकतो आणि पाकिटे मात्र दोघा-तिघांनी वाटलेली असतात. २०१६ चा अनुभव इथे उपयोगी आहे. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि २७ नोव्हेंबरला नगरपरिषदांच्या पहिल्या टप्प्याचे मतदान झाले. रोख पैशाची अशी टंचाई कोणत्याही निवडणुकीत आली नव्हती. तरीही मतदान सत्तर टक्क्यांच्या आसपास झाले. हा काटेकोर प्रयोग नव्हे. जुन्या नोटा खपवण्याची धडपडही तेव्हा झालीच. पण पैसा आटला म्हणून मतदार घरी बसला नाही, एवढे तरी त्यातून दिसते. मोठ्या शहरातलेही एक उदाहरण आहे. २००७ मध्ये मुंबई महापालिकेत जुहूच्या नागरिकांनी मिळून उभे केलेले अपक्ष अ‍ॅडॉल्फ डिसोझा निवडून आले. नागरिकांची गटबांधणी आधीपासून होती, म्हणून ते शक्य झाले. अशी उदाहरणे थोडी आहेत हे खरे. ती जिथे घडतात तिथे वेळ आधी गुंतवलेला असतो, हेही तितकेच खरे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काटकसरीचा फायदा प्रस्थापितांनाच होतो, असे तो सांगतो. ज्याचे आडनाव गावाला तीन पिढ्या ठाऊक आहे, ज्याच्या संस्थेत निम्म्या प्रभागाची मुले शिकतात, ज्याच्या जातीची मते प्रभागात जास्त आहेत, त्याला फलक लागत नाहीत. नव्या, गरीब, अल्पसंख्य उमेदवाराला आपले नाव लोकांपर्यंत न्यायला पैसा लागतो. खर्चावर बंधन घालणे म्हणजे त्याचे हात बांधणे. हा आक्षेप मोठ्या मतदारसंघाला बऱ्याच अंशी लागू आहे. लहान प्रभागात मात्र त्याची धार बोथट होते, कारण नाव पोहोचवण्याचा खर्च तिथे मुळातच कमी आहे, हे वर पाहिले. नव्या उमेदवाराला आडवी येते ती दुसऱ्या प्रकारच्या खर्चाची शर्यत, आणि त्या शर्यतीत प्रस्थापिताच्या पाठीमागे कारखाना, पतसंस्था आणि ठेकेदार उभे असतात. खर्च मोकळा सोडल्याने आडनावाचे वजन कमी होत नाही, त्यात पैशाचे वजन मिळवले जाते. तरीही आक्षेपातला खरा भाग मान्य करायला हवा. नुसते बंधन पुरत नाही, ओळखीची समान संधी द्यावी लागेल. प्रत्येक प्रभागात नगरपरिषदेच्या खर्चाने सर्व उमेदवारांची एक सामायिक सभा, प्रत्येक घरी सर्व उमेदवारांची समान जागेत छापलेली एकच माहितीपत्रिका आणि फलकांसाठी ठरलेल्या भिंतींवर समान वाटा, एवढे केले तर नव्या माणसाचा छपाईचा खर्च जवळपास शून्यावर येतो. आठशे मतदारांसाठी चार पानी पत्रिका छापणे कोणत्याही नगरपंचायतीला जड नाही.

तिसरा सूर आक्षेपाचा नसून सल्ल्याचा असतो. एवढा खर्च, एवढी भांडणे, त्यापेक्षा बिनविरोध करून टाका. सगळ्यात स्वस्त निवडणूक म्हणजे न झालेली निवडणूक, हे वरवर पटण्यासारखे आहे. २०२५ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा नगरपरिषदेत नगराध्यक्षापासून नगरसेवकांपर्यंत सगळे बिनविरोध आले. पण बिनविरोध होण्याची किंमत कोण, कोणाला आणि कशाच्या रूपात देतो, हे विचारल्याशिवाय त्याला काटकसर म्हणता येत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाची बोली मंदिराच्या नावाने दोन कोटींच्या पुढे गेली. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीतही असाच लिलाव झाला. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. पैसा देवळाला जाणार होता, म्हणून व्यवहार शुद्ध ठरला नाही. मत देण्याचा हक्क सगळ्यांचा आणि तो विकून आलेला पैसा मात्र मूठभरांनी ठरवलेल्या कामाला, हा अन्यायच होता. काटकसर आणि सचोटी वेगळ्या पडतात त्या इथे, आणि तेव्हा सचोटीला आधी धरले पाहिजे. आयोगाने २०१८ मध्ये ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घेण्याचा आदेश काढला. त्याच तर्काने एकच उमेदवार उरला तरी त्याची ‘नोटा’शी लढत व्हायला हवी. माघारीचे सौदे करण्यातला अर्थ त्याने बराच कमी होईल.

सचोटीचा विचार केवळ पैशापाशी थांबत नाही. छोट्या गावात अन्यायाच्या सर्वांत प्रभावी युक्त्या फुकट असतात. विधानसभेची मतदार यादी फोडून प्रभागवार याद्या होतात तेव्हा एका गल्लीची नावे पलीकडच्या प्रभागात जातात, कधी चुकून, कधी ‘चुकून’. २०२५ मध्ये दुबार नावांचा प्रश्न इतका गाजला, की आयोगाला संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारांकित खुणा कराव्या लागल्या. आठशे मतदारांच्या प्रभागात चाळीस नावे इकडची तिकडे झाली तर निकाल बदलू शकतो. प्रारूप यादी हातात घेऊन गल्लीत फिरणे आणि मुदतीत हरकत नोंदवणे, हे उमेदवाराचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे काम आहे. ते बहुतेक जण करत नाहीत, कारण त्या दिवसांत सगळे तिकिटाच्या मागे असतात. आचारसंहितेच्या आदल्या आठवड्यातली भूमिपूजने, ऐन वेळी आलेले पाण्याचे टँकर, नावात साधर्म्य असलेला डमी उमेदवार, व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री फिरवलेली बदनामी, जातीच्या बैठकीत झालेला ठराव, यांतल्या कशालाही फारसा खर्च नाही. म्हणून काटकसरीने लढणारा उमेदवार आपोआप सचोटीचा ठरत नाही. कमी खर्च केला एवढ्यावर पाठ थोपटून घेणाऱ्याला या यादीतले आपण काय काय केले नाही, हेही सांगता यायला हवे.

चौथा आक्षेप असा, की हिशेब सगळेच खोटे देतात, मग खरा देणारा मूर्ख ठरतो. लहान गावाचा आकार इथेही कामी येतो. निवडणूक यंत्रणा चहापासून खुर्चीपर्यंत आणि रिक्षापासून मंडपापर्यंत प्रत्येक गोष्टीचे अधिकृत दरपत्रक ठरवते. प्रभागात किती फलक लागले, किती गाड्या फिरल्या, सभेला किती खुर्च्या होत्या, हे मोजायला तपास यंत्रणा लागत नाही. निवृत्त शिक्षक, पत्रकार, महाविद्यालयाचे विद्यार्थी अशा पाच-सात जणांनी मोजून त्याला अधिकृत दराने गुणले, की कोणत्याही उमेदवाराचा दिसणारा खर्च निघतो. तो सादर केलेल्या हिशेबाशेजारी ठेवला, की तफावत गावाला दिसते. पाकिटांचा खर्च यात धरता येणार नाही, हे कबूल. पण दिसणारा खर्चच मर्यादेच्या पुढे गेलेला आढळला, तर न दिसणाऱ्याबद्दल गावाला वेगळे सांगावे लागत नाही. उमेदवारानेही रोजचा खर्च निकालानंतर न देता रोज संध्याकाळी प्रचार कार्यालयाबाहेर लावावा. कायदा त्याला तसे करायला सांगत नाही, मनाईही करत नाही. त्याने लावला, की विरोधकाने का लावला नाही, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. एकट्याने थांबण्याची हिंमत होत नाही, या भीतीवरचा उपाय गुपचूप संयम पाळण्यात नाही. संयम सगळ्यांना दिसला, तरच समोरच्यावर त्याचा दाब येतो.

हे दुसरीकडे कुठे जमले आहे का? डिसेंबर २०२५ मध्येच केरळमध्येही स्थानिक निवडणुका झाल्या. तिथे ग्रामपंचायतीच्या उमेदवाराची मर्यादा २५ हजार, नगरपालिकेची ७५ हजार आणि महापालिकेची दीड लाख. तिथला नगरपालिका प्रभागही हजारभर मतदारांचाच आहे. म्हणजे दर मतदारामागे साठ-सत्तर रुपये, आपल्या नगरपंचायतीच्या चौथ्या हिश्श्याएवढे. हिशेब न देणाऱ्यांना तिथला आयोग पाच वर्षांसाठी अपात्र ठरवतो. केरळमधले पक्ष मर्यादा ओलांडत नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्याकडे वर्षभर काम करणारे कार्यकर्ते आहेत आणि आपल्याकडे ते उरले नाहीत, हा फरकही मोठा आहे. पण त्या कार्यकर्त्यांना कामाला लावणारी एक गोष्ट केरळने जपली आहे. १९९५ पासून दर पाच वर्षांनी, २००० मध्ये, २००५ मध्ये आणि तशाच पुढे २०२५ पर्यंत, तिथे स्थानिक निवडणुका होत आल्या. निवडणूक कधी होणार हे ठाऊक असले, की कार्यकर्ता तिच्यासाठी वेळ बाजूला ठेवतो. ती कधी होणार हेच ठाऊक नसले, की तो दुसऱ्या कामाला लागतो आणि त्याची जागा भाड्याची गर्दी घेते. आपल्याकडे मर्यादा वाढत गेली. ‘क’ वर्ग नगराध्यक्षाची २०१६ मध्ये पाच लाख होती, २०२५ मध्ये साडेसात लाख झाली. वेळ मात्र आकसत गेला.

म्हणून उपाय दोन ठिकाणी शोधावे लागतील. राज्य सरकार आणि निवडणूक आयोगाने प्रभागरचना आणि आरक्षण मतदानाच्या किमान सहा महिने आधी अंतिम करावे, अपक्षांना चिन्ह मतदानाच्या पंधरा दिवस आधी द्यावे, खर्चाची मर्यादा पदाच्या नावाने न ठरवता दर मतदारामागे ठरवावी आणि प्रत्येक उमेदवाराचा हिशेब प्रभागवार सर्वांना पाहता येईल असा खुला ठेवावा. यांतल्या कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही. उमेदवारांच्या बाजूने सांगायचे, तर ज्याला कमी पैशात लढायचे आहे त्याने एक वर्ष आधी सुरुवात करावी, मतदार यादीपासून करावी आणि आपण कोणाचे पैसे घेतले, कोणाचे नाकारले, हे पहिल्याच पत्रकात छापावे. एवढे करूनही तो हरू शकतो. सचोटी जिंकण्याची हमी देत नाही, आणि तशी हमी देणारा कोणताही लेख प्रचाराचे पत्रकच ठरेल. पण हरला तर त्याच्यावर कर्ज नसेल आणि जिंकला तर पहिल्याच सर्वसाधारण सभेत कोणत्या ठेकेदाराच्या बाजूने हात वर करायचा, हे आधी ठरलेले नसेल. २०२५ मध्ये निवडून आलेल्या सभागृहांची मुदत पाच वर्षांची आहे. पुढचे वेळापत्रक सुधारायला आयोगाच्या हाती तेवढाच काळ आहे. पुढच्या उमेदवाराने प्रभागात फिरायला सुरुवात करायची ती २०२९ मध्ये.